साडेसहा

भांडार विभाग तळमजल्यावर, जिन्याखाली.
खिडकीतून ऐरोलीची खाडी दिसत नाही,
भरतीला वास येतो, तेवढं पुरे.

सतरा वर्षं मी इथे मोजतोय:
एप्रन, प्लास्टिकचे. मुखपट्ट्या, तीन पदरी.
गमबूट, काळे. चष्मे, ज्यांच्या काचांवर
दोन मिनिटांत आपलाच श्वास जमतो.
हातमोजे, निळे, जाड रबरी, जोड्या दोनशे,
नंबर आठ.

सगळेच आठ.
वरच्यांच्या हिशेबात दवाखान्याचा कचरा उचलणारे
सगळे हात दामू भोईरचे असावेत,
ज्याने तरुणपणी मिठागरात फावडं ओढलं.

निर्गुणा तायडेचा हात साडेसहा.
ती सही करते तेव्हा माझं साधं पेन
तिच्या बोटांत लाटण्यासारखं दिसतं.
मोजे घातले की टोकं रिकामी राहतात,
पाच टोप्या, आत कुणी नसलेल्या.
मनगटाला रबरबँड, लेकीच्या वेणीचा, लाल.
"टोकांना काही कळतच नाही, साहेब.
आंधळ्यानं तांदूळ निवडावे, तसं होतं."
मी म्हणायचो, कळवतो.
आणि कळवायचोही.

लाल पिशवीत नळ्या, पिवळीत रक्ताचे बोळे,
सुयांना पांढरा डबा, कडक, झाकणाचा.
भिंतीवर लिहिलंय, चित्रांसकट.
पण तिसऱ्या मजल्यावर, रात्री तीनला,
कुणीतरी भिंत वाचली नाही.

मंगळवार. सकाळचे पावणेसात.
लाल पिशवीतली सुई
आधी रिकाम्या टोकातून गेली,
मग भरलेल्या बोटात.
डावा हात, मधलं बोट.
रक्त मोहरीएवढं.
तिने हात नळाखाली धरला, पिळला नाही,
शिकवलं होतं तसं,
आणि मग माझ्या खिडकीशी येऊन म्हणाली,
"मोजा फाटलाय. दुसरा द्याल?"

अर्ज मीच भरून दिला.
सुरक्षा साधने पुरवली होती काय? होय.
अपघातसमयी वापरात होती काय? होय.
बसत होती काय,
असा रकाना नाही.

गोळ्या अठ्ठावीस दिवस.
पोटात ढवळायचं तरी ती यायची,
ठेक्यावर रजा नसते, खाडा असतो.
घरी सांगायचं नव्हतं,
म्हणून डबी माझ्या कपाटात, बॅटऱ्यांच्या खोक्यामागे.
रोज सकाळी यायची, न बोलता
तळहात पुढे करायची.

बाराव्या दिवशी मी म्हटलं, इथे ठेव हात.
मागणीपत्राची पाठकोरी बाजू.
अंगठ्यापासून पेन फिरवलं,
दोन बोटांच्या बेचक्यात तिला गुदगुल्या झाल्या,
ती हसली, रेघ हलली,
ती तशीच राहू दिली.
खाली लिहिलं: आकार मूळ. जोड्या चाळीस.

कागद तीन आठवड्यांनी परत आला.
"सोबतच्या आकृतीचा संदर्भ नमूद नाही.
आठ क्रमांकाचा साठा शिल्लक असता
नवीन मागणी कशी, खुलासा व्हावा."
आणि आवकचा शिक्का, गोल, जांभळा,
नेमका मधल्या बोटाच्या टोकावर.

पहिली तपासणी निरंक आली.
हा शब्द मी जन्मभर
फक्त संपलेल्या साठ्यापुढे लिहीत आलो.
दुसरी तपासणी दिवाळीनंतर.

खुलासा अजून दिलेला नाही.
रजिस्टरात मात्र पट्टीने एक रकाना वाढवलाय, माप.
ज्याला त्याला विचारून लिहितो.
दामू, आठ. निर्गुणा, साडेसहा.
आज दिघ्याहून नवी मुलगी आली, आरजू पिंजारी,
तिला विचारलं तर गोंधळली,
दोन्ही हात उलटसुलट करून पाहत राहिली,
"चपलेचा माहिताय," म्हणाली.
"याचा कुणी विचारलाच नव्हता."